श्रमिक-निधी आणि मालकीचा प्रश्न

समाजवादाचे साध्य उत्पन्नाची न्याय्य वाटणी की उत्पादनसाधनांची सामाजिक मालकी, हा युरोपीय समाजवादी विचारातील जुना वाद होय. स्वीडनमध्ये तो व्यवहाराच्या कसोटीस लागला.

१९५१ साली योस्ता रेन व रुडॉल्फ माइडनर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील मध्यवर्ती कामगार संघटनेपुढे एक धोरण मांडले. उद्योगाचा नफा कितीही असो, समान कामास समान वेतन असावे, हे त्याचे सूत्र. त्यायोगे दुर्बळ उद्योग मागे पडत व त्यांतील कामगार शासनाच्या साहाय्याने अन्यत्र सामावले जात. परंतु सबळ उद्योगांतील कामगारांनी सोडून दिलेली वेतनवाढ भागधारकांच्या पदरी अतिरिक्त नफा म्हणून पडे. समतेसाठी केलेल्या त्यागातून संपत्तीचे केंद्रीकरण व्हावे, हा या धोरणातील अंतर्विरोध होता.

१९७५ साली माइडनर यांनी त्यावर उपाय सुचविला. मोठ्या उद्योगांनी नफ्याच्या २० टक्के इतक्या मूल्याचे नवे भाग काढून ते कामगारांच्या सामूहिक निधीस द्यावेत. पैसा उद्योगातच राहील. मालकी मात्र क्रमाक्रमाने पालटेल. १९७६ साली संघटनेच्या अधिवेशनाने ही योजना स्वीकारली. उद्योगपतींनी तिला कडवा विरोध केला. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे नेतेही साशंकच राहिले. १९८३ च्या कायद्याने निर्माण झालेले निधी मूळ योजनेच्या मानाने अगदी मर्यादित होते, आणि १९९१ नंतरच्या बिगर-समाजवादी शासनाने तेही मोडीत काढले.

तात्पर्य, वाटणीचे धोरण यशस्वी झाल्याने मालकीचा प्रश्न मिटत नाही. किंबहुना त्या यशातूनच तो नव्याने उभा राहतो.