एक्सेल खोटं बोलतंय, हे नऊ कसं पकडतो?

गोंदियातून बोलतोय. या एपिसोडमधले आकडे नुसते ऐकून डोक्यात राहणार नाहीत, त्यामुळे हे लिखित रूप समोर ठेवा.

नऊ एकं घ्या : १११११११११. त्याला त्यानेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढतं आणि तसंच उतरतं! जादू काही नाही. शाळेत करतो तसा उभा गुणाकार मांडा. प्रत्येक ओळीत एकंच, फक्त एक घर सरकून. पहिल्या रकान्यात एक १, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ. कुठेच हातचा नाही. म्हणूनच दहा एकं घेतली की खेळ मोडतो : मधल्या रकान्यात १० येतात, हातचा डावीकडे सरकत जातो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब!

या संख्यांना नाव दिलं आपल्याच माणसानं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ वाले कापरेकर तेच. मुंबईजवळच्या डेम्लो नावाच्या रेल्वे स्टेशनवर ही कल्पना सुचली, म्हणून ‘डेम्लो संख्या’. गाडीची वाट बघत आपण रील्स बघतो, असो.

आता हाच गुणाकार एक्सेलमध्ये करा. रकाना रुंद करून पूर्ण आकडा बघितला, तर शेवट येतो ३००. जावास्क्रिप्टमध्ये केला तर ३२०. दोन्ही चूक. विषमला विषमने गुणलं की उत्तर विषमच येणार, शेवटी शून्य येईलच कसं?

दुसरी तपासणी नऊची. १०, १००, १००० यांना नऊने भागलं की बाकी कायम १ उरते, म्हणून संख्या नऊने भागली तरी आणि तिच्या अंकांची बेरीज नऊने भागली तरी बाकी तीच. नऊ एकंची बेरीज ९, म्हणजे तिच्या वर्गाला ८१ ने भाग जायलाच हवा. खऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१ येते. एक्सेलच्या उत्तराची ७८, जावास्क्रिप्टच्या उत्तराची ८०. नऊने भाग जात नाही, चोर सापडला.

कारण असं : ही सॉफ्टवेअर संख्या ६४ बिटमध्ये ठेवतात. त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. त्यापुढे आपल्या संख्येच्या आसपास फक्त सम संख्या बसतात. एक्सेल तर १५ अंकांनंतर सरळ शून्यं भरतं.

म्हणाल, एवढी मोठी संख्या कोणाला लागते? काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी असतात. समजा धान विकलेल्या शेतकऱ्यांची यादी तुम्ही एक्सेलमध्ये करताय. क्रमांक साधी संख्या म्हणून टाकला, की शेवटचा अंक शून्य होतो आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. इथे नऊची तपासणीही कामाची नाही, कारण मूळ क्रमांकाच्या अंकांची बेरीज किती यायला हवी हे आपल्याला आधी माहीत नसतं. टाइप करण्याआधीच त्या रकान्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही.