मशीनलाही श्वास लागतो

‘‘अहो, यापेक्षा तुमचं घोरणं बरं होतं बाई!’’

रात्री दोन वाजता मी वैतागून बोलून गेले आणि कूस बदलून झोपले. त्या एका वाक्याची किंमत काय झाली असती, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

सुरुवातीपासून सांगते. आमचं जालन्याला मोंढ्यात बियाण्यांचं दुकान. यांचं घोरणं हा आमच्या घरातला जुना विनोद. लग्नाला जा नाहीतर देवदर्शनाला, यांचं अंथरूण सगळ्यांपासून लांब. पण पुढे पुढे हे दिवसाही पेंगायला लागले. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेतायत! रात्री घोरता घोरता मध्येच एकदम शांत व्हायचे आणि मग गुदमरल्यासारखा मोठ्ठा श्वास घ्यायचे. मी आपली समजायचे, दमले असतील.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांमध्ये ‘स्लीप ॲप्निया’ हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. झोपेत घशातली वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू अर्धवट जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. ऐकलं मात्र, माझ्या डोळ्यांसमोर आमची रात्र उभी राहिली. यांना संभाजीनगरला नेऊन झोपेची तपासणी केली. तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. ३० किंवा त्यापुढे आकडा गेला की आजार तीव्र समजतात. उपचार केला नाही तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, असं डॉक्टरांनी समजावलं आणि उशाशी ठेवायचं मशीन लिहून दिलं. सीपॅप म्हणतात त्याला. खोलीतली हवा ओढून घ्यायची आणि दाबाने नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये सोडायची, एवढंच त्याचं काम. त्या दाबामुळे घसा मिटत नाही.

मशीन आलं मे महिन्यात. जालन्यातला मे महिना! कूलर रात्रभर घरघरत होता, त्यापुढे या मशीनचा आवाज कोणाला ऐकू येतोय? महिन्याभरात यांचं पेंगणं थांबलं. सगळं कसं छान चाललं होतं.

दिवाळी झाली. कूलर केव्हाच बंद झाला होता, थंडी पडली तसा पंखाही बंद झाला आणि मशीन बोलायला लागलं. मध्येच शूंऽऽ, मध्येच गुर्रऽऽ, पहाटे तर खळखळ. दहा-बारा रात्री काढल्या आणि मग तोंडातून ते वाक्य गेलं.

त्यानंतर मला छान झोप लागायला लागली. वाटलं, सवय झाली. आठवड्याने एकदा पहाटे जाग आली, तर खोलीत चिडीचूप. मशीन बंद, मास्क नळीसकट पिशवीत भरून ठेवलेला. आणि हे शेजारी उताणे, छाती हलत नाही. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... वीसपर्यंत गेले, हात लावणार तेवढ्यात यांनी तो गुदमरलेला श्वास घेतला. सकाळी विचारलं, तर म्हणाले, ‘‘तू झोपलीस की काढून ठेवतो. तुझी झोप मोडते ना.’’

काय बोलणार? चहा गाळताना डोळे भरून आले. त्याच दिवशी ठरवलं, या आवाजाचा बंदोबस्त आपणच करायचा.

पहिला उपाय अगदी बायकी! मशीन जाड टॉवेलात गुंडाळलं, कपाटात ठेवलं आणि नळीपुरती फट ठेवून दार लोटलं. अर्ध्या रात्री हात लावून बघते, तर मशीन चांगलंच तापलेलं. मास्कवर समोर बारीक छिद्रं असतात, तिथूनही सूं आवाज यायचा. म्हटलं, त्यावर चिकटपट्टी लावावी. नशीब, आधी विचारायची बुद्धी झाली. मशीन घेतलं होतं तिथला मुलगा घरी आला, कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘काकू, मशीनलाही श्वास लागतो! त्याला कोंडून कसं चालेल? आणि ती छिद्रं बुजवू नका बरं का, काकांनी सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.’’ ऐकून माझे हातपाय गार पडले.

मग तो मला म्हणाला, ‘‘आवाज दाबू नका, आवाज कुठून येतो ते शोधा.’’ आम्ही दोघांनी बसून शोधलं.

शूंऽऽ येत होतं मास्कच्या कडेतून. यांना रात्री डोक्याला तेल चोळून झोपायची सवय. ते कपाळावर, नाकावर उतरायचं, मास्क घसरायचा आणि फटीतून हवा सुटायची. आता तेल आंघोळीआधी. रात्री तोंड धुऊनच मास्क लावायचा आणि मास्कची उशी रोज साध्या साबणाच्या पाण्याने पुसायची. पट्टा करकचून आवळला की गळती थांबेल असं वाटतं, पण उलट मास्क वेडावाकडा होतो.

गुर्रऽऽ येत होतं मोटरमधून. मागचा फिल्टर काढला तर काळाभोर! आमच्या जालन्याची धूळ काय सांगावी, लोखंडाचे कारखाने, सरकी-कापूस, वाहनांची वर्दळ. फिल्टर चोंदला की हवेची वाटच अडते. काही फिल्टर धुता येतात, काही बदलावेच लागतात, ते पुस्तिकेत बघून घ्यावं. शिवाय मशीन होतं पत्र्याच्या पेटीवर, भिंतीला टेकून. पेटी म्हणजे ढोलकीच की! आता ते उशीपेक्षा खाली, लाकडी पाटावर रबरी चटईचा तुकडा घालून, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंय.

आणि खळखळ? ती थंडीतली. मशीनमध्ये हवा ओलसर करायला पाण्याचं भांडं असतं. ती कोमट हवा थंडगार नळीत गेली की आत पाणी साचतं. मी जुन्या फ्लॅनेलची नळीला लांबलचक पिशवी शिवली आणि डॉक्टरांना विचारून ओलाव्याची खूण एक घर खाली केली. मशीन खाली असल्यामुळे साचलंच तर पाणी भांड्याकडे उतरतं, नाकाकडे येत नाही. फक्त मशीन हलवताना भांडं आधी काढायचं, नाहीतर पाणी मोटरमध्ये जातं.

एवढं केल्यावर मशीनचा आवाज उरला कुजबुजीएवढा. चांगल्या स्थितीतल्या मशीनचा आवाज ३० डेसिबलच्या आसपासच असतो म्हणे. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. तेव्हाच्या बायकांनी काय केलं असेल, देव जाणे!

आवाज दाबण्याच्या नादात मोठ्या कंपन्याही चुकतात बरं. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातून लाखो मशीनं परत बोलावली. मोटरचा आवाज कमी व्हावा म्हणून आत घातलेला फोम झिजत होता आणि त्याचे कण श्वासावाटे पोटात जाण्याची भीती होती. आमचं मशीन त्यातलं नव्हतं, पण तेव्हापासून मशीनभोवती स्पंज, कापूस असलं काही कोंबायचं नाही, ही गाठ मी मारून ठेवली आहे.

आमच्या सासूबाई हे सगळं बघत होत्या. एका रात्री दारात येऊन म्हणाल्या, ‘‘काय करू राहिली गं? वावरात विहिरीवर इंजिन चालायचं रात्रभर टुकटुक. आम्ही पोरंबाळं घेऊन तिथंच निजायचो. इंजिन बंद पडलं की मगच जाग यायची.’’ त्यांनी एका वाक्यात मला शहाणं केलं. एकसारख्या आवाजाने झोप जात नाही, जाते ती मध्येच बदलणाऱ्या आवाजाने.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कोणी घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. आणि उशाशी मशीन आलं असेल, तर त्याच्या आवाजाबद्दल माणसाला बोल लावू नका. फिल्टर बघा, मास्क बघा. आपलं माणूस आपल्या झोपेसाठी स्वतःचा श्वास बंद करून ठेवायला मागेपुढे पाहत नाही.

परवा रात्री वीज गेली. मशीन थांबलं आणि मी ताडकन उठून बसले. सासूबाईंचं इंजिन आठवलं. यांना हलवून जागं केलं, उशा रचून टेकवून बसवलं आणि वीज येईपर्यंत दोघं गप्पा मारत बसलो. आता इन्व्हर्टर घ्यायचाय.