तव्यावरची मशेरी

नगर जिल्ह्यात कॅन्सरचा विषय निघाला की गप्पा लगेच फवारणीवर, हायब्रीडवर आणि भेसळीच्या दुधावर जातात. ‘आपण काय खातोय तेच कळंना,’ असं म्हणणाऱ्याच्या गालात त्या वेळी बहुधा तंबाखूचा बार असतो. भेसळीची काळजी खोटी नाही. पण धोके मोठ्यापासून धाकट्यापर्यंत मांडायचे, तर बार, मावा आणि मशेरी यांचा नंबर तिच्या कितीतरी आधी लागतो.

त्यातही मशेरी फसवी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि डबीत भरायची. लावणाऱ्या बाईच्या लेखी ते दातवण असतं, व्यसन नव्हे. ‘मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही’ हे तिचं म्हणणंही खरंच, कारण निकोटिनने आतडी हलतात. मात्र पान सुकवताना आणि मुरवताना तयार झालेली नायट्रोसामाइन्स भाजून जात नाहीत. उलट करपण्यातून आणखी काही घातक द्रव्यं त्यात उतरतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास 24 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे 4 टक्क्यांच्या आतच. सिगारेटवरच्या चित्रांनी आपल्याकडे फारसं काही साधत नाही, ते यामुळेच.

राज्यात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली. पण सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा मावा टपरीवर हाताने घोटला जातो, त्यामुळे त्याला पुडीचीही गरज नाही. चुन्यामुळे निकोटिन झटकन भिनतं. राहिली सुपारी. तंबाखू नसली तरी ती स्वतःच कॅन्सरकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते. आधी ठेचा झोंबायला लागतो, मग तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर डॉक्टर गाठावा.

आता ताटाकडे. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकी यांतला चोथा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी करतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावठी वाणांचं मोल मोठंच आहे. पण गावठी खाल्लं म्हणजे कॅन्सर फिरकत नाही, हा समज त्या वाणांवरही अन्याय करणारा आहे. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र निवडून फेकावेत. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं, आणि भाजून कूट केला तरी ते पुरतं जात नाही. दारू थोडी असली तरी धोका वाढवते. वाढलेल्या वजनाचा किमान 13 प्रकारच्या कॅन्सरशी संबंध सापडला आहे, तेव्हा ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून ढेरीचं कौतुक पुरे.

जामखेडच्या पलीकडे बार्शीला 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर वर्षानुवर्षं आघाडीवर राहिला. त्याचं मूळ एचपीव्ही या विषाणूत आहे, भाकरी-भाजीत नाही. लस मुलींना वेळेत द्यायची आणि बायकांनी तपासणी करून घ्यायची, हाच त्यावरचा उपाय. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही पुढच्या 8 वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. तो निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

तिशी ओलांडलेल्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.