चटका बसतो, पण कळत नाही : किआरी आणि मज्जारज्जूतली पोकळी

भाकरी करताना तव्याला बोट लागतं, फोड येतो, आणि बाईला ते दुसऱ्या कुणीतरी दाखवल्यावर कळतं. गरम पातेलं फडक्याशिवाय उचललं तरी हात मागे येत नाही. पुढे त्याच हाताची पकड ढिली होते, अंगठ्याजवळचं मांस उतरतं, बोटं वाकडी होतात. मग वस्तीत कुजबुज सुरू होते. कुणी महारोग म्हणतं, कुणी बाहेरचं काही असल्याचं सांगून बाबाचा पत्ता देतं. बाहेरचं तर काहीच नसतं, आणि महारोगही दर वेळी नसतो.

महारोगाची शंका मात्र उडवून लावू नका, कारण तो आजही आपल्याकडे आहे, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि तो बरा होतो. त्यात बहुधा अंगावर बधीर चट्टा असतो, कोपराजवळची नस जाड झालेली असते, आणि चट्ट्याच्या जागी कापसाचा स्पर्शही कळेनासा होतो. मी आज सांगते आहे त्या आजारात चट्टा नसतो. कापूस फिरवला तर कळतो, पण टोचलेलं आणि गरम-गार कळत नाही. बधीरपणा बहुतेक वेळा दोन्ही हात आणि खांद्यांवर, शाल पांघरल्यासारखा पसरतो. निदान डॉक्टरच करतील, पण हा फरक तुम्ही बोलून दाखवलात तर तपासणी योग्य दिशेने जाते.

आजाराचं नाव किआरी. हान्स किआरी नावाच्या डॉक्टरांनी १८९१ साली प्रागमध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. कवटीच्या तळाला एक मोठं भोक आहे, त्यातून मज्जारज्जू खाली पाठीत उतरतो. काही माणसांत कवटीचा मागचा कप्पा जन्मतःच थोडा लहान असतो. जागा अपुरी पडली की लहान मेंदूची खालची टोकं त्या भोकातून मानेत उतरतात. साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त उतरली की डॉक्टर त्याला पहिल्या प्रकारची किआरी म्हणतात.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाणी असतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते डोक्यातून मानेत आणि मानेतून डोक्यात ये-जा करतं. भोकात बूच बसल्यावर ही वाट अडते. अडकलेली टोकं ठोक्यागणिक पंपाच्या दांड्यासारखी खाली दाबत राहतात आणि दाब मज्जारज्जूवर येतो. हळूहळू मज्जारज्जूच्या आतच पाण्याची लांबट पोकळी तयार होते. तिला सिरिंक्स म्हणतात आणि आजाराला सिरिंगोमायलिया. टोचणं आणि गरम-गार यांची खबर नेणाऱ्या तारा मज्जारज्जूच्या मध्यातूनच एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातात. पोकळी मध्यातून वाढते, म्हणून आधी त्या तुटतात. स्पर्शाच्या तारा मागच्या बाजूने जातात, त्या वाचतात. चटका कळत नाही पण कापूस कळतो, तो यामुळे.

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा संडासला जोर करताना डोक्याच्या मागच्या भागात कळ येणं हे किआरीचं सगळ्यात ओळखीचं लक्षण. चालताना तोल जाणं, घास अडकणं, आवाज बसणं हीही आहेत. मुलांत कधी कधी फक्त पाठ वाकडी होते. शाळेच्या गणवेशात मुलीचा एक खांदा वर दिसत असेल तर तिला ‘ताठ उभी राहा’ म्हणून ओरडण्याआधी डॉक्टरकडे न्या.

निदान एमआरआयने होतं. मेंदूबरोबर पूर्ण मणक्याचाही एमआरआय लागतो, नाहीतर पोकळी किती लांब आहे ते कळत नाही. उलटही सांगायला हवं. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एमआरआयच्या कागदावर लहान मेंदूची टोकं उतरल्याचं लिहिलेलं असतं, माणसाला त्रास काही नसतो, पोकळीही नसते. अशा माणसाला बहुतेक वेळा ऑपरेशनची गरज नसते, लक्ष ठेवलं तरी पुरतं. कागद बघून घाबरू नका आणि लगेच दागिने मोडायला धावू नका.

पोकळी आहे आणि त्रास वाढतो आहे, तेव्हा मात्र गोळ्यांनी भागत नाही. ऑपरेशनचा हेतू बूच मोकळं करून पाण्याची वाट पुन्हा चालू करणं हा असतो. १९५०-६० च्या काळात अमेरिकेतले डॉ. गार्डनर यांचं म्हणणं होतं की पाणी मेंदूतल्या एका छिद्रातून थेट मज्जारज्जूत शिरतं, म्हणून ते छिद्र स्नायूच्या तुकड्याने बुजवत असत. ती पद्धत मागे पडली. आज मुख्य निवड दोन पद्धतींत असते, आणि घरच्यांना सही करायला कागद समोर येतो तेव्हा हीच निवड समजलेली असायला हवी.

पहिल्या पद्धतीत फक्त हाड काढतात. रुग्णाला पालथं झोपवून मानेच्या मागे उभा छेद घेतात, भोकाच्या मागचं कवटीचं थोडं हाड आणि बहुधा मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. मेंदूचं जाड आवरण, म्हणजे ड्युरा, उघडत नाहीत. काही सर्जन त्याचा वरचा थर तेवढा चिरून सैल करतात. ऑपरेशन लवकर आटोपतं, पाणी गळण्याची भीती कमी आणि रुग्ण लवकर घरी जातो.

दुसऱ्या पद्धतीत हाड काढल्यावर ड्युराही उघडतात आणि त्यात ठिगळ शिवून आतली जागा मोठी करतात. ब्लाउज तंग झाला की शिवण उसवून कापडाची पट्टी घालतो, तसंच. गरज पडली तर लहान मेंदूची उतरलेली टोकं विजेच्या चिमट्याने आक्रसवतात. ठिगळ त्याच जखमेतून कवटीवरच्या पातळ पडद्याचं घेता येतं, किंवा जनावराच्या हृदयावरच्या पडद्याचं अथवा कृत्रिम मिळतं. स्वतःच्या पडद्याचं असेल तर त्याचं वेगळं बिल लागत नाही. हे विचारायला लाजू नका.

मग चांगली कोणती? मुलांवरच्या ऑपरेशनचे सात अभ्यास, मिळून ५८२ रुग्ण, एकत्र करून २००८ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. फक्त हाड काढलेल्यांपैकी शंभरात साधारण १२ ते १३ मुलांना पुन्हा ऑपरेशन लागलं, ठिगळ लावलेल्यांत फक्त २ जणांना. पण पाणी गळणं, पाणी साचणं असे त्रास ठिगळवाल्यांत शंभरात १८ च्या वर होते आणि हाडवाल्यांत २ च्या आत. पोकळी लहान होण्याचं प्रमाण ठिगळात ८७ आणि नुसत्या हाडात ५६ दिसलं, तरी रुग्ण थोडे असल्याने हा फरक पक्का ठरला नाही. म्हणजे एकीकडे आज धोका कमी पण पुन्हा टेबलावर जाण्याची शक्यता जास्त, दुसरीकडे आज धोका थोडा जास्त पण काम टिकण्याची आशा जास्त. पोकळी मोठी असेल आणि हाताची ताकद जात असेल तर पुष्कळ सर्जन ठिगळाकडे झुकतात. मला ते पटतं. रोजंदारीवरच्या घराला दुसरं ऑपरेशन, दुसरी रजा आणि दुसरं कर्ज परवडत नाही. पण पोकळी नसलेल्या, नुसती डोकेदुखी असलेल्या मुलाला आधी हाडाची पद्धत सुचवली तर सर्जन काही चूक सांगत नाहीत.

आपल्या मुंबईतून तिसरं मत पुढे आलं आहे. केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ साली ६५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांचं म्हणणं असं की मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यात आहे, म्हणून हाड न काढता ते दोन मणके स्क्रूने पक्के करावेत. जगभरच्या बऱ्याच सर्जनांना हे सगळ्याच किआरीला लागू पडतं असं वाटत नाही. स्क्रू बसवले की मान वळवणंही बरंचसं कमी होतं. मात्र सांधा खरंच सैल असेल किंवा मणक्याचं टोक वर कवटीत घुसलं असेल, तर तो आधी पक्का करावाच लागतो, हे सगळे मानतात. म्हणून ऑपरेशनआधी मानेचा सीटी स्कॅन आणि मान वाकवून-ताणून काढलेले एक्स-रे झाले का, हे विचारा. डोक्यात पाणी साठलेलं असेल तर त्याचा इलाजही आधी होतो.

पोकळीत थेट नळी घालून पाणी बाहेर काढण्याचीही पद्धत आहे. त्यासाठी मज्जारज्जूलाच छेद द्यावा लागतो आणि नळी तुंबू शकते. त्यामुळे वाट मोकळी करूनही पोकळी कमी झाली नाही तरच ती वापरतात. पहिल्याच भेटीत कुणी नळीच सुचवली तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशन कार्ड, आधार आणि एमआरआयचे कागद सोबत ठेवा. कारखान्यात असाल तर ईएसआयचं कार्ड विसरू नका.

ऑपरेशनने खोकल्याची डोकेदुखी सगळ्यात चांगली जाते. गेलेली संवेदना आणि उतरलेलं मांस बहुधा पूर्ण परत येत नाही, आजार आहे तिथे थांबतो. पोकळी आटायला महिने लागतात, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो. घरी आल्यावर जखमेतून पाण्यासारखं काही गळलं, मानेमागे फुगवटा आला, ताप आला किंवा मान आखडली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, सोमवारची वाट बघू नका. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं कायमचं बंद, आणि डोक्यावर हंडा किंवा विटा वाहण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर राहिलात तर आजाराचे कागद पहिल्याच तपासणीला दाखवा, आणि बाळंतपणात कमरेत सुई देण्याआधी भुलीच्या डॉक्टरांना किआरी असल्याचं सांगा. हात बधीर असेल तर पाण्याचा अंदाज चेहरा किंवा पाय अशा चांगल्या जागेवर घ्या, चुलीपाशी लांब दांड्याचा चिमटा ठेवा, आणि रोज रात्री दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट बघून घ्या.