फीचा हिशेब आणि लेकरांचं मनोबल

जून-जुलैत कॉलेजची फी भरायची असते, आणि तेव्हाच बियाणं-खतालाही पैसा लागतो. कपाशीचा पैसा हाती येतो तो दिवाळीच्या सुमाराला. मधल्या महिन्यांत लेकरांचं मन खचतं, हे आम्ही पारोळ्याच्या बचत गटांत पाहतो.

मानसशास्त्रात मनाची चार बळं सांगतात: आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि पुढे चांगलं होईल हा भरवसा. आशा म्हणजे नुसती इच्छा नव्हे, पुढची वाट दिसणं. फी कशी भरणार हेच कळेना, की पोरगी स्वतःला ओझं समजू लागते. घरातली तंगी लपवली तर ती जास्तच घाबरते.

म्हणून तिला शेजारी बसवून हिशेब मांडा: किती लागतील, कधी, कुठून येतील. गटाचं कर्ज जूनआधीच ठरवा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून राज्यात शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, तेही विचारा. स्वतः कमावलेल्या चार पैशांनी आत्मविश्वास वाढतो.

पैसा कमी असला तरी वाट दाखवता येते. येत्या बैठकीत हा विषय घ्याच.