शिकायला गेलेले पोर आणि एका रात्रीचा मुक्काम

परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू भागातील एखाद्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी शिष्यवृत्तीवर परदेशी निघते, तेव्हा सगळी वस्ती आनंदते. विहारात सत्कार होतो, आई-बापाच्या डोळ्यांत पाणी येते. चार-सहा महिने जातात आणि मोबाईलवर एक फोटो येतो. पाठीला सॅक, सोबत चार-पाच मित्रमैत्रिणी, मागे समुद्र नाहीतर जुना किल्ला. दोन दिवसांची सुटी होती, मित्रांसोबत स्वस्तात जाऊन आलो, एक रात्र मुक्काम केला, एवढाच मजकूर. आणि इकडे लगेच कुजबूज सुरू होते, "पोरगं शिकायला गेलं का हिंडायला? शासनाच्या पैशावर मजा चालली!"

ही कुजबूज करणारे दोन प्रकारचे आहेत. एक, ज्यांना आपली मुले पुढे गेलेली मुळातच बघवत नाहीत. त्यांना उत्तर देण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. सवर्णांची मुले बापाच्या पैशावर आठ-आठ दिवस फिरतात तेव्हा त्याला 'एक्सपोजर' म्हणायचे आणि आमच्या मुलांनी एक रात्र बाहेर काढली की ती उधळपट्टी, हा न्याय आम्ही चांगला ओळखतो. पण दुसरे कुजबुजणारे आपलेच आहेत. ते काळजीपोटी बोलतात. त्यांचे म्हणणे असे, की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते, ते कुठे फिरायला गेले? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

आधी पैशाचा हिशेब पाहू. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना 2003 पासून आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती त्याहून जुनी, 1954-55 पासूनची. राज्य योजनेत विद्यापीठाची फी, विमानभाडे आणि निर्वाहभत्ता मिळतो. हा भत्ता इंग्लंडसाठी वर्षाला 9,900 पौंड धरला, तर महिन्याला 825 पौंड झाले. लंडनसारख्या शहरात खोलीभाडे त्यातला मोठा घास घेते. उरलेल्यात जेवण, बसचे तिकीट, थंडीचे कपडे, पुस्तके. त्यात हप्ता वेळेवर येईलच याची खात्री नाही, ही तक्रार जुनीच आहे. अशा भत्त्यात कोण ऐष करणार? जो मुलगा महिनाभर डाळ-भात रांधून, डबा नेऊन थोडे पैसे मागे टाकतो आणि त्यातून एक रात्र मित्रांसोबत जातो, तो शासनाचे पैसे उडवत नाही. तो आपल्या पोटाला चिमटा घेऊन जातो.

आता बाबासाहेबांविषयी. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोदा संस्थानची महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. पुढे 1920 ते 1923 या काळात लंडनमध्ये अर्धपोटी राहून एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पूर्ण केली. त्यांच्यावर वेळेचे आणि पैशाचे जे ओझे होते त्याची बरोबरी आज कोणी करू नये. पण त्याच बाबासाहेबांना मैत्री वर्ज्य नव्हती. कोलंबियात ते नवल भथेना या पारशी मित्रासोबत वसतिगृहात राहिले, आणि ती मैत्री पुढे त्यांच्या कामी आली. 1920 साली लंडनला परतताना याच मित्राने त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. परदेशात जोडलेला एक मित्र किती मोलाचा असतो, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आणि बाबासाहेब फिरायलाही गेले होते. 1934 साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी प्रेक्षणीय स्थळे पाहण्याची इच्छा बोलून दाखवली आणि बाबासाहेब त्यांच्यासोबत निघाले. सुमारे तीस जण, बसने नाशिकहून औरंगाबादकडे. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची हे मुख्य ठरलेले. मुक्काम औरंगाबादच्या प्रवासी बंगल्यात करायचा होता. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आपला परभणी जिल्हाही त्याच संस्थानात होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी मंडळींनी प्रवासाची धूळ धुण्यासाठी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तोच आरडाओरडा झाला, अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून. वाद वाढला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. सोबत हत्यारी शिपाई दिला. ज्यांनी जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्या होत्या, त्यांच्यावर पाण्यासाठी पहारा!

ही हकीकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून ते लिहिले. वाचकहो, ते पुन्हा एकदा काढून वाचा. त्यातल्या घटना पाहा, कितीतरी वेळा प्रश्न प्रवासाचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा आहे. 1901 साली मसूर स्टेशनवरून गोरेगावला निघालेली लहान मुले. जात कळल्यावर गाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नव्हता, मुलांनाच हाकावी लागली. डब्यात अन्न होते, पण कोणी पाणी दिले नाही, म्हणून ती उपाशी झोपली. 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेला विद्वान. त्याला राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून तो पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. मग बागेत बसून वेळ काढायचा आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची.

ज्याला रात्रीचा निवारा नाकारला गेला, त्यानेच पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले. संविधानाचे कलम 15(2) उघडून पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट. या जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कोणाला अडवता येणार नाही. ही यादी वाचताना आम्हाला बडोद्याची धर्मशाळा आणि दौलताबादचा हौद दिसतो. कलम 19(1)(ड) देशात मुक्त संचाराचे स्वातंत्र्य देते. म्हणजे आपल्या माणसाने प्रवासाला निघणे, पैसे मोजून पलंग घेणे, नळाचे पाणी पिणे, ही चैन म्हणता येणार नाही. फार मोठी किंमत मोजून मिळवलेला तो हक्क आहे.

म्हणून एडिंबरोच्या एखाद्या स्वस्त हॉस्टेलात, आठ पलंगांच्या खोलीत, वरच्या पलंगावर आपली मुलगी निवांत झोपते, तेव्हा त्या साध्या गोष्टीचे मोल आपण ओळखले पाहिजे. तिथे पासपोर्ट पाहतात, पैसे घेतात, किल्ली देतात. जात विचारत नाहीत.

मात्र जात विचारणारे तिकडे नाहीतच, असे समजून गाफील राहू नका. ते आपल्याच देशातून गेलेले असतात. सहलीचे ठरवताना आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, "कुठल्या कोट्यातून आलास?" असा प्रश्न हसत हसत येतो. मग खोलीत जागा 'भरलेली' असते, स्वयंपाकाचे भांडे वेगळे होते. काही मुले आडनाव लपवतात, काही खोलीतच कोंडून घेतात. या कोंडून घेण्याची आम्हाला जास्त भीती वाटते. एकटे पडलेले मूल अभ्यासातही मागे पडते, आणि घरी सांगत नाही.

यावर कायदा काय म्हणतो? ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती. 2013 साली संसदेने तो समावेश सरकारवर बंधनकारक केला. 2018 साली तिथल्या सरकारने तो करायचे नाकारले. पण 2014 च्या टिर्की विरुद्ध चंडोक या निकालाने जात ही 'वांशिक उगमा'त बसू शकते, असा मार्ग उघडा ठेवला आहे. अमेरिकेत सिएटल शहराने 2023 साली जातिभेदाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र राज्यपालांनी रोखले. एक गोष्ट ध्यानात ठेवा. मित्रांनी सहलीला नेले नाही, यावर खटला होत नाही. पण विद्यापीठ, वसतिगृह, हॉटेल यांच्याकडून भेदभाव झाला तर तारखेनिशी लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा. तोंडी तक्रार हवेत विरते.

मुलांनाही चार शब्द. जा, पण हिशेबाने जा. रात्रीच्या कोचने गेलात तर एका रात्रीचे भाडे वाचते. ब्रिटनमध्ये 16 ते 25 वयाच्या रेलकार्डवर बहुतेक तिकिटे एक तृतीयांशाने स्वस्त पडतात. स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल घ्या, खर्च त्याच रात्री वाटून लिहून टाका, म्हणजे मैत्री टिकते. ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, त्याला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. ज्या दिवशी वर्ग आहे त्या दिवशी सहल नको. कुठे थांबणार त्याचा पत्ता घरी कळवा. आणि मुलींच्या पालकांनो, पोरीने पत्ता कळवला तर तिला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती कळवणार नाही.

खरे तर कमी पैशात, सोबतीने, रात्रीचा प्रवास करणे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. 6 डिसेंबर आला की परभणी आणि पूर्णा स्टेशनवर भाकरी-चटणीची गाठोडी घेऊन माणसे जनरल डब्यात शिरतात. दाटीवाटीने रात्र काढून दादरला उतरतात, शिवाजी पार्कवर मुक्काम करतात, चैत्यभूमीला वंदन करून पुस्तके घेऊन परततात. त्या प्रवासाला कोणी मजा म्हणत नाही. आपली लेकरे त्याच वाटेवरची आहेत, फक्त गाडी बदलली आहे.

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्यांनी एक सहल मात्र चुकवू नये. रात्रीचा कोच धरा, पहाटे लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर उतरा आणि 10, किंग हेन्रीज रोड हे घर गाठा. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ते विकत घेतले. तिथे स्मारक ठेवण्याला स्थानिक नगर परिषदेने हरकत घेतली, प्रकरण वर गेले आणि 2020 साली परवानगी मिळाली. बाबासाहेबांच्या घरालाही त्या गल्लीतला मुक्काम भांडूनच मिळवावा लागला. जाताना सोबत दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या जातीधर्माचा एक तरी मित्र घेऊन जा. त्याला दौलताबादचा हौद काय होता ते सांगा. आणि तिथला एक फोटो घरी पाठवा. वस्तीतल्या ज्या पोराने अजून परभणी स्टेशनही ओलांडलेले नाही, त्याला तो दाखवायचा आहे.

जय भीम!