छपरावरचं ऊन रात्रीसाठी ठेवावं का?

वेरिबीतल्या आमच्या घरावर २०१० पासून तीन किलोवॅटची सोलर पॅनेलं आहेत. ती वाढवावीत का, बॅटरी घ्यावी का, यावर आमच्याकडे वर्षभर खल चालला. आपल्यातले बरेच जण फोनवर हेच विचारतात, म्हणून लिहिते. मी सिस्टर, इलेक्ट्रिशियन नव्हे. पण चार्ट बघितल्याशिवाय डोस द्यायचा नाही ही जुनी सवय. तेव्हा आधी मीटरचा चार्ट केला.

आम्ही पॅनेलं बसवली तेव्हा व्हिक्टोरिया राज्याची योजना होती: ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटला ६० सेंट. २०११ अखेर ती नव्या लोकांना बंद झाली. आम्हाला मिळत राहिले, पण अट अशी की पॅनेलं वाढवलीत तर हा दर गेला. म्हणून चौदा वर्षं छपराला हात लावला नाही. १ नोव्हेंबर २०२४ ला योजनाच संपली आणि आम्ही मोकळे झालो. मोकळे म्हणजे काय, तर राज्याचा किमान दर २०२४-२५ मध्ये ३.३ सेंट आणि २०२५-२६ साठी ०.०४ सेंट. शंभर युनिट दिली तर चार सेंट! काही कंपन्या जास्त देतात, पण फार नाही. विकत मात्र आम्ही युनिटला ३० सेंटच्या आसपास घेतो.

म्हणजे नुसती पॅनेलं वाढवून जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, यात आता राम नाही. वॉशिंग मशीन, गरम पाण्याची टाकी हे दुपारी लावायला लागलो, तेवढ्यानेच बिल उतरलं. त्याला खर्च शून्य.

आणखी एक. जुन्या पॅनेलांच्या ओळीत नवी चार जोडता येतील असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. आमचं जुनं पॅनेल १९० वॅटचं, आताची ४४० ची. एका ओळीत जमत नाहीत, आणि इन्व्हर्टरही म्हातारा झालेला. म्हणजे जवळजवळ सगळं नवं. (तिकडच्या वाचकांसाठी: इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून पॅनेलांचं तोंड उत्तरेला. आणि जूनमध्ये वीज जानेवारीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच मिळते.)

आता खरं कारण सांगते. आमच्या ह्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. १३ फेब्रुवारी २०२४ च्या वादळात अनाकीजवळ विजेचे सहा मोठे मनोरे कोसळले, राज्यात पाच लाखांवर घरं अंधारात गेली. आमचीही वीज गेली. वादळ ओसरल्यावर पॅनेलांवर लख्ख ऊन, आणि घरात पंखा हलेना! कारण ग्रिड बंद पडलं की साधी सोलर यंत्रणाही आपोआप बंद होते, तारांवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून. लहान सिलिंडर दोन लिटरच्या प्रवाहावर चारेक तास पुरतो. मी घड्याळ बघत बसले. वीज आली तेव्हा त्यात थोडाच उरला होता. त्या रात्री ठरवलं, हे पुन्हा नको.

आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली. दिवसा घाण्यावर काढलेलं तेल रात्री दिव्यात जळायचं. बॅटरी त्याहून वेगळं काय करते? मात्र डबा केवढा हवा ते रात्रीच्या खर्चावरून ठरवा. आमच्याकडे सूर्यास्त ते सूर्योदय नऊ युनिट, त्यात साडेतीन कॉन्सन्ट्रेटरची. शुक्रवारी शब्बाथची हॉटप्लेट आणि दिवे चालू राहतात, तेव्हा अकरा. एक विक्रेता चाळीस युनिटची बॅटरी गळ्यात मारत होता, "सबसिडी आहे, आजी." सबसिडी आहे खरी. १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारची, बॅटरी बसवताना किमतीतूनच वजा होते. पण हिवाळ्यात तो डबा भरणार कशाने?

आम्हाला दहा युनिटच्या बॅटरीचा भाव सवलत धरून आठ हजार डॉलर मिळाला. वर्षाला सातशेच्या आसपास वाचतील, म्हणजे पैसे फिटायला अकरा-बारा वर्षं. वॉरंटी दहा. मी ७४, हे ७९. नुसत्या पैशाच्या हिशेबाने मी घेतली नसती.

आणि ज्यासाठी घ्यायची ते प्रत्येक बॅटरीत असतंच असं नाही. ग्रिड गेल्यावर घर चालवणारा बॅकअप वेगळा मागावा लागतो. कोणते प्लग चालू राहतील ते कागदावर घ्या. आमच्या यादीत बेडरूमचा प्लग, फ्रिज आणि एक दिवा. काही टक्के चार्ज कायम राखून ठेवायची सोय असते, ती लावून घ्या. तुमच्या बॅटरीतली वीज कंपनीला वापरू देणाऱ्या योजनाही असतात. त्यात जाण्याची सक्ती नाही, आणि घरात असं मशीन असेल तर राखीव चार्जला हात लागणार नाही हे आधी विचारा. बॅटरी झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, पश्चिमेच्या उन्हातही नको.

बॅटरी आली तरी सिलिंडर खाटेजवळच राहील. वीज कंपनीच्या 'लाइफ सपोर्ट' यादीतलं नावही तसंच. त्यामुळे ठरवून वीज बंद करायची असेल तर आधी लेखी कळवतात, पण वादळ काही पत्र पाठवत नाही.

इलेक्ट्रिशियन पुढच्या महिन्यात येतो आहे. त्याला एवढंच सांगून ठेवलंय: शेवटचा चेक देण्याआधी मी मेन स्विच बंद करणार, आणि कॉन्सन्ट्रेटर चालू राहतो का ते त्याच्यासमोर बघणार.